रोजा : भुकेपलीकडचा उपवास

प्रस्तावना

'उपवास' हा शब्द आपल्या कानांवर लहानपणापासून पडत असतो. घरात कुणाची एकादशी असते, कुणाचा सोमवार, कुणाची संकष्टी. दुर्ग-भिलाईच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तीजाचे व्रतही अनोळखी नसते. भाद्रपद शुद्ध तृतीयेला छत्तीसगडातील स्त्रिया माहेरी येतात आणि पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढतात. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाण्याची, 'करू भात' नावाने ओळखली जाणारी रीत पाळली जाते. त्याच तिथीला महाराष्ट्रात हरतालिका असते. पर्युषणपर्वात जैन बांधव उपवास करतात. उपाशी राहून मनाला काही वळण लावता येते, ही समजूत आपल्या देशात फार जुनी आणि सर्वदूर पसरलेली आहे.

याच समजुतीचे एक शिस्तबद्ध रूप म्हणजे रमजान महिन्यातील रोजा होय. आपल्या शेजारी, आपल्या कारखान्यात, आपल्या वर्गात रोजा धरणारी माणसे असतात. त्यांच्याविषयी आपल्याला साधारणपणे एवढेच ठाऊक असते, की ती दिवसभर काही खातपीत नाहीत आणि संध्याकाळी खजूर खाऊन उपास सोडतात. परंतु एवढ्यावरून रोजा समजला असे म्हणता येणार नाही. या पाठाच्या अभ्यासानंतर रोज्याचे नियम, त्यांमागील विचार आणि श्रम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात त्याला मिळणारे स्थान तुम्हांला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल, अशी अपेक्षा आहे.

मूळ पाठ

शब्दांचा मागोवा

'रोजा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. फारसीत 'रोज' म्हणजे दिवस. मराठीतील 'रोज', 'रोजचा', 'रोजंदारी' हे शब्द त्याच घराण्यातले. दिवसभर पाळावयाचे ते व्रत म्हणजे रोजा. अरबी भाषेत याच व्रताला 'सौम' म्हणतात. त्याचा अर्थ थांबणे, स्वतःला आवरून धरणे. आणि 'रमजान' ज्या अरबी धातूपासून बनला त्याचा अर्थ तीव्र उष्णता, तापणे, होरपळणे असा आहे. आपल्या 'उपवास' शब्दाची फोड 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे अशी करतात. एका शब्दात स्वतःला आवरणे आहे, तर दुसऱ्यात ईश्वराच्या जवळ राहणे. गंमत अशी, की अन्न किंवा भूक यांचा उल्लेख यांपैकी एकाही शब्दात नाही. या दोन्ही शब्दांतून व्यक्त होते ती मनाची कृती, पोटाची नव्हे.

इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी रोजा हा एक. ईश्वर एक असून मुहंमद त्याचे प्रेषित आहेत अशी साक्ष, दिवसातून पाच वेळा नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि ऐपत असल्यास आयुष्यातून एकदा हजयात्रा, असे हे पाच स्तंभ आहेत. मक्केजवळच्या हिरा नावाच्या गुहेत प्रेषितांना इ. स. ६१० मध्ये कुरआनाचे पहिले शब्द प्रकट झाले, ते याच महिन्यात, अशी श्रद्धा आहे. पुढे मदिनेला स्थलांतर झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, रमजानचे रोजे आवश्यक ठरविण्यात आले. कुरआनाच्या दुसऱ्या अध्यायात हा आदेश आहे. तेथे रोज्याचा हेतूही सांगितला आहे. तो हेतू म्हणजे 'तकवा'. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ईश्वर आपल्याला पाहत आहे याचे सतत भान ठेवून वाईटापासून दूर राहणे, असा त्याचा अर्थ सांगता येईल.

फिरता महिना

मराठी पंचांग आणि हिजरी पंचांग ही दोन्ही चंद्राच्या गतीवर चालतात. तरीही आपली दिवाळी नेहमी शरद ऋतूत येते, रमजान मात्र कधी थंडीत, कधी पावसाळ्यात, तर कधी भर उन्हाळ्यात येतो. असे का होते?

चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा-एक दिवसांचा फरक पडतो. आपल्या पंचांगात साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून हा फरक भरून काढतात. त्यामुळे सण आपापले ऋतू सोडत नाहीत. हिजरी पंचांगात अधिक मास नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून एक फेरी पूर्ण करतो. इ. स. २००० मध्ये तो नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू झाला होता. २०१८ मध्ये १७ मे रोजी. २०२५ मध्ये २ मार्चला. २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

या सरकण्यात एक न्याय आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. महिना एकाच ऋतूत अडकला असता, तर एखाद्या प्रदेशाच्या वाट्याला कायमचे दीर्घ दिवस आले असते आणि दुसऱ्याच्या वाट्याला कायमचे लहान. आता तसे होत नाही. साठ-सत्तर वर्षे जगलेल्या माणसाने थंडीतले सोपे रोजेही पाहिलेले असतात आणि उन्हाळ्यातले कठीणही.

पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत

रोज्याची सुरुवात सहरीने होते. पहाट उजाडण्यापूर्वी घेतलेले भोजन म्हणजे सहरी. अनेक गावांत पूर्वी डफ वाजवीत, हाका देत गल्लीगल्लीतून फिरणारी माणसे सहरीसाठी लोकांना जागे करीत. काही ठिकाणी ती प्रथा आजही टिकून आहे. पूर्वेला उजेडाची पहिली रेघ दिसली, की खाणेपिणे थांबते. त्याआधी मनात 'नियत' करावयाची असते. नियत म्हणजे संकल्प. संकल्पाशिवाय दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाचा रोजा होत नाही. ती नुसती उपासमार ठरते.

मग सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, विडी-तंबाखू नाही, पतिपत्नींचा शरीरसंबंधही नाही. तंबाखूची सवय असलेल्याला विचारले, तर भुकेपेक्षा आणि तहानेपेक्षा तंबाखूवाचून राहणेच अधिक कठीण गेले, असे तो सांगेल. विसरून एखाद्याने घोटभर पाणी प्यायले, तर मात्र रोजा मोडत नाही. आठवण होताच थांबावे आणि रोजा पुढे चालू ठेवावा. महत्त्व जाणीवपूर्वक केलेल्या कृतीला आहे.

सूर्य मावळला की इफ्तार, म्हणजे रोजा सोडणे. प्रेषितांची पद्धत खजुराने किंवा ती नसल्यास पाण्याने रोजा सोडण्याची होती. म्हणूनच जगभरात आजही इफ्तारच्या वेळी खजूर पुढे केली जाते. रोजा सोडण्यास विनाकारण उशीर करू नये, असेही सांगितले आहे. अधिक वेळ उपाशी राहिल्याने अधिक पुण्य लाभते, ही कल्पना येथे मान्य नाही.

वेळेचा हिशेब प्रत्येक गावाचा वेगळा असतो. भिलाई मुंबईच्या बरीच पूर्वेला आहे. त्यामुळे येथील सूर्य मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी मावळतो. उतईतील घरी रोजा सुटून मगरिबची नमाज झालेली असते, तेव्हा मुंबईतील मुलगा घड्याळाकडे पाहत बसलेला असतो. अर्थात त्याची सहरीही तितकीच उशिरा संपलेली असते. जून महिन्यात भिलाईच्या परिसरातील रोजा सुमारे पावणेपंधरा तासांचा होतो, डिसेंबरात तो बारा तासांच्या आसपास राहतो.

पाठगत प्रश्न – १

(अ) 'सौम' आणि 'उपवास' या शब्दांच्या मूळ अर्थांत कोणते साम्य आढळते?
(आ) रमजान दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो?
(इ) नियत नसलेल्या उपवासाला रोजा का म्हणत नाहीत?

'एकादशी अन् दुप्पट खाशी'

ही म्हण मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस अशी रोजच्याहून जड पंगत मांडणाऱ्यांना उद्देशून ती जन्मली. व्रताचे बाह्य रूप तेवढे राहते आणि आतला अर्थ निघून जातो, हा धोका कुणा एका धर्माच्या वाट्याला आलेला नाही.

इराणातील तूस येथे जन्मलेले थोर विचारवंत अल् गझाली (१०५८–११११) यांनी आपल्या 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथात रोज्याविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना हीच म्हण आठवते. दिवसभर न खाल्लेले सगळे इफ्तारच्या वेळी एकदम खाल्ले, तर वासनेला लगाम कसा बसणार, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. त्यांनी रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी सर्वसामान्यांची, पोट आणि देहवासना यांना आवरण्याची. दुसरी पायरी सर्व इंद्रियांच्या रोज्याची. डोळ्यांनी वाईट पाहू नये, कानांनी निंदा ऐकू नये, जिभेने खोटे बोलू नये, हाताने अन्याय करू नये, पायांनी नको तेथे जाऊ नये. तिसरी पायरी हृदयाच्या रोज्याची. तेथे ईश्वरावाचून अन्य विचारालाही जागा नाही. ती फार थोड्यांना साधते, हे गझाली स्वतःच मान्य करतात.

आपल्यासारख्या संसारी माणसांच्या दृष्टीने खरी कसोटी दुसऱ्या पायरीवर आहे. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडावे याची ईश्वराला काहीही गरज नाही, अशा आशयाचे प्रेषितांचे वचन प्रसिद्ध आहे. कुणी भांडायला आला, तर प्रत्युत्तर न देता 'माझा रोजा आहे' एवढेच सांगावे, अशीही शिकवण आहे. ती वाचायला सोपी वाटते. पण दुपारी तीनच्या सुमारास घसा कोरडा पडलेला असताना, गिऱ्हाईक हुज्जत घालीत असताना किंवा मुकादम विनाकारण आवाज चढवीत असताना ती पाळून पाहिली, म्हणजे तिची किंमत कळते. उपाशी माणूस चिडका होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. ज्या क्षणी चिडणे अगदी स्वाभाविक आहे, त्याच क्षणी स्वतःला आवरावयाचे असते. वर्षातले एकोणतीस किंवा तीस दिवस हा सराव होतो.

रोज्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. नमाज इतरांना दिसते, दान निदान घेणाऱ्याला तरी कळते. रोजा मात्र कुणालाही दिसत नाही. बंद दाराआड पेलाभर पाणी पिऊन, ओठ पुसून बाहेर येणे कुणालाही जमेल आणि त्याचा पुरावा कुठेही राहणार नाही. तरीही लाखो माणसे, त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेसुद्धा, तसे करीत नाहीत. 'तकवा' या शब्दाचा अर्थ येथे व्याख्येवाचून उमगतो.

मुंबईच्या महंमद अली रस्त्यावर, मिनारा मशिदीच्या परिसरात रमजानच्या रात्री मालपुवा, फिरनी आणि कबाबांची जी रेलचेल असते, ती पाहण्यासाठी सर्व धर्मांचे लोक दुरून येतात. वर्तमानपत्रांत रमजान म्हटला की याच गल्लीची छायाचित्रे छापून येतात. आनंदाला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र ती छायाचित्रे रमजानच्या रात्रीची असतात. त्याआधीचा दिवस त्यांत दिसत नाही. फलक लावून, छायाचित्रकार बोलावून दिल्या जाणाऱ्या इफ्तारच्या मेजवान्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

भट्टीजवळचा रोजा

उतई हे दुर्ग जिल्ह्यातील, भिलाईला लागून असलेले नगरपंचायतीचे गाव. भिलाईचे नाव देशाला माहीत झाले ते पोलादामुळे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. मराठी माणसाला हा प्रदेश तसा नवा नव्हता. १८५४ पर्यंत छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते आणि १९५६ पर्यंत हा भाग ज्या प्रांतात मोडत होता, त्याची राजधानी नागपूरच होती. वेगवेगळ्या भाषा बोलणारी, वेगवेगळ्या देवळांत, मशिदींत, गुरुद्वारांत आणि चर्चमध्ये जाणारी माणसे एकाच फाटकातून कामावर जाऊ लागली. भिलाईच्या सेक्टर ६ मधील जामा मशीद तिच्या आगळ्या बांधणीमुळे ओळखली जाते. 'या अल्लाह' या अरबी अक्षरांच्या आकारात तिची रचना केलेली आहे.

अशा गावात रोजा धरण्याचा अर्थ काय होतो, याचा थोडा विचार करा. भट्टीतून बाहेर पडणारे वितळलेले लोखंड सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस तापलेले असते. २०१७, २०१८ आणि २०१९ या तिन्ही वर्षी रमजान मे-जूनमध्ये आला. छत्तीसगडात त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पहिल्या पाळीचा कामगार सहरी करून तसाच कामाला निघतो. दुसऱ्या पाळीच्या कामगाराला घरच्या दस्तरखानावर बसता येत नाही. रोजा कामाच्या जागीच सोडावा लागतो. रात्रपाळीवाल्याची सहरी डब्यातली असते आणि त्याने दिवसा झोप घ्यायची असते. 'रमजान' या शब्दातील होरपळ येथे शब्दकोशात शोधावी लागत नाही.

मग अशा माणसाने काय करावे? इस्लामी धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार केला आहे. आजारी माणूस आणि प्रवासी यांना रोजा न धरण्याची सवलत कुरआनातच दिलेली आहे. ईश्वराला तुमच्यासाठी सोय हवी आहे, अडचण नको, असा त्या ठिकाणचा आशय आहे. सुटलेले रोजे पुढे वर्षभरात कधीही भरून काढता येतात. त्याला 'कजा' म्हणतात. वार्धक्यामुळे किंवा बऱ्या न होणाऱ्या आजारामुळे ज्याला पुढेही रोजे धरता येणार नाहीत, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे. याचे नाव 'फिदया'. गर्भवती स्त्री, अंगावर पाजणारी माता यांनाही सवलत आहे. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही. कष्टाचे काम करणाऱ्याने नियत करून रोजा धरावा आणि जिवावर बेतण्याची वेळ आली तर तो सोडून नंतर भरून काढावा, असे मत अनेक धर्मपंडितांनी दिले आहे.

तरीही सवलत असताना ती न घेणारी माणसे असतात. मधुमेहाचा रुग्ण औषधाच्या वेळा चुकवून रोजा धरतो आणि चक्कर येऊन पडतो, अशी उदाहरणे घडतात. असा हट्ट भक्तीच्या खात्यात मांडता येणार नाही. रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवून घेणे आणि त्यांनी मनाई केल्यास ती मानणे, हेही धर्माला धरूनच आहे.

स्त्रियांच्या रोज्याविषयी क्वचितच लिहिले जाते, म्हणून येथे थोडे थांबू या. सहरीसाठी घरातील सर्वांच्या आधी उठते ती स्त्री. सगळ्यांचे खाणे आटोपल्यावर उरलेल्या चार-दोन मिनिटांत ती घाईने घास घेते. दुपारी घरातील इतर माणसे घटकाभर आडवी होतात, त्या वेळी ती रोजा असतानाच इफ्तारच्या तयारीला लागते. भजी तळताना मीठ नेमके पडले आहे की नाही, हे तिला अंदाजानेच ठरवावे लागते. मासिक पाळीच्या दिवसांत तिने रोजा धरावयाचा नसतो; परंतु ते रोजे नंतर भरून द्यावे लागतात. ईद होऊन जाते, बाजार शांत होतो, घरातील सर्वजण दुपारी जेवू लागतात आणि ती एकटी आपले पाच-सहा रोजे पूर्ण करते. तिच्यासाठी कुणी सहरीला उठत नाही. रोजा दिसत नाही असे वर म्हटले. तिचे हे रोजे तर घरातल्यांनाही दिसत नाहीत.

पाठगत प्रश्न – २

(अ) अल् गझाली यांनी सांगितलेल्या तीन पायऱ्या तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) 'कजा' आणि 'फिदया' यांत कोणता फरक आहे?
(इ) पाळीत काम करणाऱ्या रोजेदाराच्या सोयीसाठी त्याचे सहकारी काय करू शकतील?

रात्रीची नमाज

इशाच्या नमाजनंतर रमजानमध्ये 'तरावीह' ही विशेष नमाज होते. बहुतेक ठिकाणी ती वीस रकातींची असते, काही पंथांत आठ रकातींची. कुरआन मुखोद्गत असलेला हाफिज पुढे उभा राहून दररोज थोडा थोडा भाग म्हणतो. कुरआनाचे तीस भाग पाडलेले आहेत. रोज एक भाग घेतला, तर महिन्याभरात संपूर्ण ग्रंथ ऐकून होतो. दिवसभराच्या श्रमानंतर एवढा वेळ उभे राहणे सोपे नाही. शेवटच्या दहा दिवसांत काहीजण मशिदीतच मुक्काम करतात. संसारातील कामे बाजूला ठेवून केलेल्या या एकांतवासाला 'एतिकाफ' म्हणतात. याच दहा दिवसांतील विषम रात्रींपैकी एक रात्र 'लैलतुल कद्र' म्हणजे अत्यंत मोलाची रात्र मानली जाते. ती नेमकी कोणती हे उघड केलेले नाही, तरी आपल्याकडे विशेषतः सत्ताविसावी रात्र जागविली जाते.

२०२० साली मात्र सारेच बदलले. कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी होती. त्या वर्षी २५ एप्रिलला रमजान सुरू झाला आणि मशिदी सामूहिक नमाजसाठी बंद होत्या. तरावीह घराघरांत झाली. बाजार नव्हता, मेजवान्या नव्हत्या, ईदची गळाभेटही नव्हती. महिन्याभोवतीची सगळी गजबज गळून पडली. तरी रोजे तेवढेच झाले.

देणे

रोजा धरणाऱ्याला दिवसभर जी भूक कळते, ती सूर्यास्ताला संपणार हे त्याला ठाऊक असते. खऱ्या गरिबाची भूक कधी संपेल हे त्याला ठाऊक नसते. या दोन भुकांना एकमेकींशी जोडणारी व्यवस्था म्हणजे दानधर्म. जकात वर्षातून केव्हाही देता येत असली, तरी पुष्कळ लोक ती रमजानमध्येच काढतात.

'जकात' या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शहराच्या वेशीवरचा जकातनाका उभा राहील. शब्द तोच आहे. राज्यकारभारातून तो आपल्याकडे करासाठी रूढ झाला. मुंबईत २०१७ साली हा कर बंद झाला, पण शब्द स्मरणात आहे. मूळ अरबी शब्दात शुद्ध होणे आणि वाढणे असे दोन्ही अर्थ आहेत. ज्याच्याजवळ साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची शिल्लक एक चांद्रवर्ष राहिली असेल, त्याने त्या शिलकीचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, द्यावयाचा असतो. उदाहरणार्थ, दोन लाख रुपयांच्या शिलकीवर पाच हजार रुपये. ती आपल्या आईवडिलांना किंवा मुलांना देता येत नाही, कारण त्यांचे पोषण हे तसेही कर्तव्यच आहे. गरीब, निराधार, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी अशा आठ प्रकारच्या खर्चांसाठी ती आहे. जकात म्हणजे दात्याची मेहेरबानी नव्हे. त्याच्या संपत्तीतील तो गरिबांचा हक्क आहे, अशी यामागची दृष्टी आहे. घेणाऱ्याने मान खाली घालावी असे त्यात काही नाही.

याशिवाय 'फित्रा' असतो. घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा, ठरावीक मापाचे धान्य किंवा त्याची किंमत ईदच्या नमाजपूर्वी गरजूंना द्यावयाची असते. ईदच्या दिवशी कुणाच्याही घरी चूल थंड राहू नये, हा त्याचा उद्देश.

मराठीतील वाटा

मराठी आणि इस्लाम यांचे नाते जुने आहे. सतराव्या शतकात श्रीगोंदे येथील शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संत म्हणून मानले. साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहून प्रेषितांचे चरित्र आणि शिकवण सोप्या मराठीत मांडली. विनोबा भावे यांनी कुरआन मुळातून वाचता यावा म्हणून अरबी भाषेचा अभ्यास केला. त्यांनी निवडलेल्या वचनांचा 'कुराण-सार' हा संग्रह १९६२ साली निघाला. शेजाऱ्याचा धर्म ऐकीव माहितीवर न तोलता त्याच्या ग्रंथातून समजून घ्यावा, ही त्यांची रीत होती.

कोकणातील, सोलापूरकडील, मराठवाड्यातील अनेक मुस्लिम कुटुंबे घरात मराठी किंवा मराठीची एखादी बोली बोलतात. त्यांच्या तोंडी 'रोजा धरला' आणि 'रोजा सोडला' असेच प्रयोग येतात. उपासही आपण धरतो आणि सोडतो. क्रियापदे दोन्हीकडे एकच आहेत.

एकोणतिसाव्या रोज्याची संध्याकाळ झाली, की माणसे गच्चीवर चढून पश्चिमेकडे पाहू लागतात. चंद्राची बारीक कोर दिसली, तर दुसऱ्या दिवशी ईद. न दिसल्यास तिसावा रोजा. उतईच्या क्षितिजावर ढग असले, तर दुसऱ्या गावाहून खबर येण्याची वाट पाहतात. एकदा ईद ठरली, की त्या दिवशी रोजा धरण्यास सक्त मनाई आहे. महिनाभर ज्याने पाण्याचा घोटही टाळला, त्याने त्या सकाळी ईदच्या नमाजला निघण्यापूर्वी काहीतरी गोड खाऊनच घराबाहेर पडावयाचे असते.

शब्दार्थ

सहरी – पहाटेपूर्वीचे भोजन
इफ्तार – सूर्यास्तानंतर रोजा सोडणे
नियत – संकल्प
रकात – नमाजातील उभे राहणे, वाकणे व माथा टेकणे मिळून होणारा एक भाग
हाफिज – संपूर्ण कुरआन तोंडपाठ असलेली व्यक्ती
दस्तरखान – जेवणासाठी अंथरलेले कापड
मुखोद्गत – तोंडपाठ

स्वाध्याय

१. 'रोजा कुणालाही दिसत नाही' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.
२. एका कुटुंबाची वर्षभराची शिल्लक ३,६०,००० रुपये आहे. ही रक्कम जकातीस पात्र आहे असे धरून जकात किती होईल ते काढा.
३. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण या पाठात कोणत्या संदर्भात आली आहे? अशाच अर्थाची तुमच्या बोलीतील एखादी म्हण लिहा.
४. तुमच्या घरातील किंवा शेजारील एखाद्या उपवासाचे नियम जाणत्या व्यक्तीला विचारून लिहून काढा. त्यात आजारी माणसासाठी कोणती सवलत आहे, हे आवर्जून विचारा.
५. पुढील शब्द तुमच्या वाक्यांत वापरा : संकल्प, सवलत, शिल्लक, एकांतवास.